दाराच्या मापाची तोरणं

रहिमतपुरात मण्यांचं तोरण ओवावं तर आक्काताईनंच, असं बाया म्हणायच्या. समोरासमोर दोन मोर, मधे कमळ, खाली घुंगरांची झालर. धाकटी जाऊ दीपमाला लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातात सुई दिली तीही आक्काताईनंच. दोघी आठवडी बाजारात एकाच पोत्यावर बसायच्या. लोक तोरणं निरखायचे, वा वा म्हणायचे आणि कांदे घेऊन घरी जायचे.

शहाण्णवच्या लग्नसराईत दीपमाला एकटीच सांगलीला गेली आणि संध्याकाळी रिकामी पिशवी झटकत परतली. पुढच्या खेपेलाही तेच.

"बसतीस तरी कुठं गं?" आक्काताईनं विचारलं.

"हाय एक जागा. चला की तुमी बी."

"मला न्हाई बाई गावोगाव हिंडायला जमत."

म्हणाली खरी, पण ती रिकामी पिशवी डोळ्यांसमोरून हलेना. शिकवलं आपण आणि मिरवायचं हिनं? दीपमालाच्या मोरांच्या माना जाड. आक्काताई शेजारणींपुढं त्यांना बदकं म्हणायची. शेजारणी हसायच्या, पण पिशवी रिकामीच येत होती.

एक दिवस दीपमाला गेल्यावर आक्काताईनं आपली तोरणं भरली आणि मागची गाडी धरली. सांगलीच्या पेठेत हिंडता हिंडता जाऊ दिसली. भांड्यांच्या मोठ्या दुकानासमोर बसली होती. मुलीच्या लग्नाची भांडी घेऊन माणसं पायरी उतरायची, ती रुखवतात अजून काय मांडावं ह्याच विचारात, आणि समोर तोरणं! जागा इतकी नेमकी होती की आक्काताईचा जीव जळाला. आपल्याला का नाही सुचलं?

एक बाई तोरण हातात धरून बघत होती. आक्काताई परक्या गिऱ्हाइकासारखी पुढं झाली.

"नका घेऊ बाई. साधा दोरा हाय. म्हैन्यात मणी गळत्याल."

दोरा साधा नव्हता. पक्का नायलॉनचा तंगूस होता, आक्काताईच्याच रिळाचा. बाईनं तोरण खाली ठेवलं आणि निघून गेली.

दीपमालानं वर बघितलं. तिचा चेहरा लालबुंद झाला, पण आवाज चढला नाही.

"बसा आता हितं. काढा तुमची भाईर. बघू कुनाची जात्यात."

आक्काताईनं तोरणं पसरली. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी तिच्याच मोरांवर जायची आणि तिची छाती फुगायची. मग एक बाई थांबली, हळहळली.

"फार सुबक आहे हो. पण आमच्या ब्लॉकचं दार केवढंसं! हे निम्मं लोंबत राहील." आणि तिनं दीपमालाची आखूड बदकं घेतली.

दिवसभर असंच चाललं. परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर, पण तोंडं दोन दिशांना. दीपमाला खिडकीबाहेर बघतच बोलली.

"इस्लामपूरला जावा. उसाच्या पैशावर बंगले उठत्यात तितं. दारं ही एवढी रुंद."

"तुला गं काय ठावं?"

"बसून आलीया म्या. माजी समदी आखूड पडली."

पुढच्या आठवड्यात कुणाला न सांगता आक्काताई इस्लामपूरला गेली. दारंचौकटी विकणाऱ्या वखारीसमोर तिनं पोतं अंथरलं. पलटणीतून निवृत्त झालेला एक सुभेदार बायकोला घेऊन चौकट बघायला आला होता. त्या दोघांनी तोरण नव्या चौकटीला तिथंच लावून बघितलं आणि भोवती माणसं जमली. दिवस मावळायच्या आत पिशवी रिकामी झाली. कुणाकुणाला काय काय सांगायचं, ते आक्काताई वाटभर मनात घोळवत आली.

दीपमाला उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. आक्काताईनं चपला काढायच्या आतच ती म्हणाली, "गेली न्हवं समदी इस्लामपुरात? म्हनलं न्हवतं मी?"

सगळा आनंद तिथल्या तिथं कडू झाला.

"दोन-चार गेली," आक्काताई म्हणाली. "बाकीची ठिवून आले वळखीच्या घरी."

दीपमालानं तिच्या काखेतल्या घडी केलेल्या पिशवीकडं बघितलं, गालातल्या गालात हसली आणि पुन्हा सुपात मान घातली. त्या हसण्यानं आक्काताईच्या अंगाचा पुन्हा भडका उडाला.