दुपारची भैरवी

मागच्या खेपेला गावानं खनिजाचे ट्रक अडवून घोषणा दिल्या, तेव्हा पोलिसांनी सगळ्यांना गाडीत भरून डिचोलीला नेलं आणि संध्याकाळी चहा पाजून सोडलं. म्हणून या खेपेला रस्त्यावर भजनी मंडळ बसवलं. भजन उचलून नेता येत नाही. इन्स्पेक्टर आला, त्यानं बूट काढले आणि कडेला उभा राहून टाळाबरोबर मान हलवू लागला. ट्रकांची रांग वळणापलीकडे गेली.

मागणी एवढीच, की खाणीची लाल माती गावातल्या शेवंतीबायच्या शेतात उतरते, तिला बांध घाला. मॅनेजर पणजीहून निघाला होता. तो येईपर्यंत रस्ता सोडायचा नाही, असं ठरलं होतं.

पेटीवर कृष्णनाथ. आवाज देवानं दिलेला, ट्रक बँकेनं. तो ट्रकही रांगेत होता, भाचा सगुण चालवत होता. गावाला हे ठाऊक होतं. पण ट्रक नसलेला गवई शोधायचा तर सावंतवाडी गाठावी लागली असती.

खाणीचा सुपरवायझर शेजारी येऊन बसला. एक अभंग नीट ऐकला आणि कानाशी म्हणाला, "काय गळा आहे, कृष्णनाथबाब! उद्यापासून तुमची गाडी खाणीवर लावायची की नाही, तेवढं आज ठरवा."

कृष्णनाथनं गवळण अर्ध्यावर आवरली आणि भैरवी धरली.

भैरवीनंतर गायचं नसतं. पखवाजावरच्या रामचंद्रनं त्याच्याकडे पाहिलं, पण हात सवयीनं ठेक्यात गेले. भैरवी लागलीही सुंदर. वाईट लागली असती तर कोणीतरी मध्येच अडवली असती.

संपली तशी माणसं नमस्कार करून उठली.

"आनी एक घेया रे," रामचंद्र म्हणाला. "मॅनेजर येवचो आसा."

"भैरवी झाल्यार?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "देवाक कितें सांगतलो?"

देवाला काय सांगायचं ते कोणालाच सुचलं नाही. इन्स्पेक्टरनं बूट घातले. ट्रक सुटू लागले. थोड्या वेळानं मॅनेजरची जीप आली, पण रस्ता मोकळा असताना तिला थांबायचं कारण नव्हतं.

शेवंती सतरंजीची घडी घालत होती. "बरी म्हटलीस हां, कृष्णनाथा. पूण इतल्यात कित्याक?"

"गळो बसलो गे, शेवंतीबाय." हे तो इतक्या खणखणीत आवाजात बोलला, की स्वतःच दचकला.

"मिठाच्या उदकान गुळण्यो कर," ती काळजीनं म्हणाली आणि शेताकडे वळली.

सगुणनं ट्रक हळू केला. "मामा, चढ."

कृष्णनाथनं नकाराची मान हलवली आणि पेटी छातीशी धरून कडेकडेनं चालू लागला. मागून येणारा एकेक ट्रक त्याच्यापाशी वेग कमी करी, ड्रायव्हर हॉर्न देई आणि आभाराचा हात वर करी. त्यानं कोणालाच उलट हात केला नाही. दोन्ही हात पेटीत गुंतले होते, तेवढं एक बरं होतं.