फाटकासमोर घेतलेली शपथ

माझा बाप, पिराजी, म्हणजे आमचं आबा, लई हेकट माणूस. एवढा, की पोटच्या पोरीच्या लग्नात आत पाय ठेवायला तयार न्हवता.

कारण सांगते. मी शाळेत असताना आबांच्या सूतगिरणीत संप झाला. सगळ्या कामगारांनी फाटकासमोर बेल-भंडार उचलला, की मागण्या मान्य झाल्याबिगर ह्या फाटकाच्या आत जायचं न्हाय. भंडार उचलून फिरला त्याचं वाटोळं हुतं, असं आमच्यात मानत्यात. मग पोलिसांनी झोडपून काढलं. त्यातच आबांचा जोडीदार बाळासोकाका जिवानिशी गेला. पोटापायी एकेक जण मान खाली घालून आत गेला, आबा तेवढं भाईर ऱ्हायलं. मंगळवार पेठेत भाजीची गाडी लावून आम्हाला वाढवलं. गिरणी पुढं बंदच पडली.

दोन हजार चारला माझं लगीन ठरलं. नवरा कोडोलीचा जोतीराम. त्याच्या घरच्यांनी हौसेनं कार्यालय धरलं, ते नेमकं त्या गिरणीच्या जागेवरचं! मालकानं जुनं दगडी फाटक शोभेला तसंच ठेवलेलं.

"पावणं, गाड्या लावायला जागा झकास हाय," सासरं म्हणालं. त्यांना काय ठावं! पोरीकडची बाजू म्हणून आबा "बरं" म्हणालं.

लग्नादिवशी आबा फाटकाभाईर हुभं. आई बोलून बोलून दमली. भटजी म्हणालं, "नारळ फोडा, शपथ सुटंल."

"ज्यांच्यासंगं उचलली, त्यांनी सोडवायची," आबा म्हणालं. "बाळासोला कुठनं आणू?"

आत सनई वाजतीया, आणि मी मुंडावळ्या बांधून बापाबिगर बसलेली. डोस्कं असं फिरलं! ह्या माणसाला पोरीपरास गिरणी मोठी? भांडायलाच तरातरा फाटकापतूर गेले. तर आबा नवा फेटा बांधून, मुठीत अक्षता धरून उन्हात हुभं. आत बघत हुतं. माझा राग कुठल्या कुठं गेला, रडूच फुटलं.

तशीच फाटक ओलांडून भाईर आले. "भटजी, कन्यादान हितंच!" म्हणून वरडले. सासऱ्यांचं तोंड उतरलं, पण जोतीराम पाट उचलून मागनं आला की.

रस्त्याकडंला आबांनी माझा हात त्याच्या हातात दिला, पाणी सोडलं.

"संयू," ते म्हणालं, "आजवर सगळी आत गेलेलीच बघितली. आतनं भाईर आलेली तू पहिलीच."