घरघर नसलेला कॉम्प्युटर

"पंखा बंद करा," ऋतुजा म्हणाली.

शरणप्पानं काउंटरवर मांडलेल्या कॉम्प्युटरच्या पंख्याकडं हात नेला.

"तो नाही हो. वरचा."

"अक्का, एप्रिल चाललाय! वरचा बंद केला तर आधी मीच बंद पडेन की!"

तरी केला बिचाऱ्यानं. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या बोळातलं त्याचं दुकान आठ बाय दहाचं, रस्त्यावर रिक्षांचा गलबला. ऋतुजानं शटरही अर्ध्यावर ओढायला लावलं. मग कडेवरची बानू डावीकडं सरकवून ती वाकली आणि ओळीनं ठेवलेल्या तीन पंख्यांना एकेक करून कान लावला. भाजीवाली कलिंगड वाजवून बघते ना, अगदी तसंच. दीड वर्षाच्या बानूला वाटलं, आई काहीतरी गंमत ऐकतेय. तीही श्वास धरून बसली.

पहिला पंखा खरखरत होता. दुसऱ्यात सात रंगांचे दिवे होते, पण त्याला एक बारीक शीळ होती. तिसरा काळा, साधा, तळहातापेक्षा मोठा आणि निवांत फिरणारा. त्याच्याजवळ नुसती हवा लागत होती.

"हा द्या."

"त्याला लाइट नाय हां अक्का."

"मला दिवाळी नाही करायची. गप्प बसणारा पाहिजे."

"गप्प बसणारं माणूस मिळंना, तुम्ही पंखा शोधताय," असं म्हणून शरणप्पानं आधी वरचा पंखा लावला आणि मग खोकं काढलं.

पंख्यासाठी एवढा घोळ घालायला कारणही तसंच होतं. बानू व्हायच्या आधी ऋतुजा शाळेत शिकवायची. तिच्या वाचनाला वर्ग कसा चिडीचूप बसायचा, हे हेडबाई अजून सांगतात. दृष्टी नसलेल्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात नोंदवून घेणारी पुण्याची एक संस्था होती. ऋतुजानं तिथं नमुना पाठवला. उत्तर आलं, "वाचन फार सुंदर. पण मागं सतत घरघर आहे." ती घरघर होती जुन्या लॅपटॉपची. पाच मिनिटं चालला की तो पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा. लॅपटॉप स्वयंपाकघरात ठेवून पाहिला, तर माइकची वायर पुरेना. संस्थेनं आणखी एक संधी दिली होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत एक धडा वाचून पाठवायचा आणि सोबत त्याच खोलीतल्या शांततेचं एक मिनिट. काही न बोलता नोंदवलेलं.

जमलं तर वर्षभराचं काम घरबसल्या. नाही जमलं तर जूनपासून शाळा, आणि बानू आजीकडं, सांगोल्याच्या पुढं गावाला. कुणी तिच्यावर लादलं नव्हतं. सगळ्यांनी प्रेमानंच ठरवलं होतं, म्हणून तर नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. सासूबाई म्हाळसाबाई तर म्हणाल्याच होत्या, "म्या सांबाळती की. मोकळं रान, शेळीचं दूद. हितं काय, चार भिती!"

ऋतुजानं भांडण केलं नाही. तिनं कॉम्प्युटर शिकायला घेतला.

तीन आठवडे, बानू दुपारी झोपली की ती फोनवर वाचत बसायची. एक हात पोरीच्या पाठीवर, एक हात पडद्यावर. नवऱ्याचा, बिरुदेवचा, एक मित्र सांगून गेला होता, "वहिनी, घ्यायचा तर गेम खेळायचा घ्या. ताकद पाहिजे." ऋतुजानं उलट्या बाजूनं विचार केला. आवाज कशाचा? पंख्याचा. पंखा कशाला? तापतं म्हणून. मग मुळात तापेलच कशाला, असं काही घ्यायचंच नाही!

ग्राफिक्स कार्ड तिनं पहिल्याच दिवशी खोडलं. पडद्यावर चित्र दाखवायची सोय ज्याच्या पोटातच आहे असा मधल्या दर्जाचा प्रोसेसर तिला पुरत होता, आणि तो वीजही कमी खात होता. गरगर फिरणारी जुनी हार्ड डिस्क नको. त्याऐवजी बिस्किटाएवढी एसएसडी, जिच्यात हलणारं काहीच नाही. रॅमचे भाव यंदा सोन्याच्या मागं लागलेले, म्हणून सध्या एकच घेतली आणि शेजारची जागा पुढच्यासाठी रिकामी ठेवली. मॉनिटर जुना चालेल, त्याला कुठं आवाज असतो? काचेच्या चकचकीत कॅबिनेटऐवजी जड पत्र्याचं घेतलं, पुढून जाळीचं. जड पत्रा थरथरत नाही, आणि हवा सहज आत आली की पंख्याला धावाधाव करावी लागत नाही. फक्त एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारा डबा, तिनं स्वस्तातला घेतला नाही. तिथं काटकसर केली की बाकीच्यांचा जीव जातो, हे तिनं सतरा ठिकाणी वाचलं होतं. मनासारखा सोलापुरात मिळेना, तो पुण्याहून मागवला. आणि तो आला नेमका शनिवारी सकाळी.

आदल्या दिवशी म्हाळसाबाईही आल्या होत्या, नातीला बघायला.

साडेअकराला बानू झोपली आणि ऋतुजानं फरशीवर चादर अंथरली. हात लावायच्या आधी दर वेळी ती लोखंडी कपाटाला शिवायची. म्हाळसाबाईंनी ते चार वेळा बघितलं आणि पाचव्यांदा न राहवून विचारलं, "कपाटाला काय शिवती सारकी? देव हाय का त्यात?"

"अंगातली वीज उतरते आत्या. नाहीतर ह्याला झटका बसतो."

"व्हय? घोंगड्यावरनं उटलं की चट् करती, ती वीज?"

"तीच."

"मग तसं सांग की. मला वाटलं, नवीनच काय काडलं शिकल्याल्यांनी."

प्रोसेसर त्याच्या जागेत अलगद बसला. त्यावर मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यावर पातळ पत्र्यांचा कूलर, कूलरला स्वतःचा पंखा. तो काळा, गप्प पंखा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला. वायरींची गर्दी तिनं बानूच्या वेणीच्या रबरांनी बांधून कडेला घेतली. कुठंही हात अडखळला नाही. तीन आठवडे रोज दुपारी मनात जोडून झाला होता तो कॉम्प्युटर.

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली.

म्हाळसाबाई कान देऊन बसल्या होत्या. "लागला?"

"लागला."

"मग वाजत का न्हाय?"

"त्याचेच तर पैसे दिलेत आत्या!"

म्हाळसाबाईंनी गालावर बोट ठेवलं. न वाजणारं यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आता, त्यांच्या घरात नवी वस्तू भंडाऱ्याशिवाय वापरायची रीत नाही. मोटारसायकल असो, बोअरची मोटार असो, की बाजारातून आणलेला बोकड असो, आधी त्याच्यावर हळदीचा भंडारा पडला पाहिजे. सून माइकची वायर लावायला मागं वाकली होती. कॅबिनेटची बाजूची फळी अजून भिंतीला टेकलेलीच होती. म्हाळसाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, सुक्या खोबऱ्याच्या तुकड्यांसकट मूठ भरली आणि मायेनं, अगदी भरभरून, उधळली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

पंख्यांनी ती हळद पोटभर ओढून घेतली. टक्, टक्, टर्रर्र! ऋतुजानं झेप घेऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

सगळं पिवळं झालं होतं. कूलरचे पत्रे पिवळे, बोर्ड पिवळा. मागच्या पंख्यात खोबऱ्याचा तुकडा अडकला होता आणि एका पात्याचं टोक तुटून खाली पडलं होतं. आता तो फिरला असता तर लंगडत, खडखडत.

"आत्या! एवढा एक दिवस हात आवरला असता तर काय बिघडलं असतं?"

म्हाळसाबाईंनी पिशवीची नाडी ओढली, उठल्या आणि आतल्या खोलीत बानूच्या उशाशी जाऊन बसल्या.

ऋतुजानं शरणप्पाला फोन लावला. मागं सनई वाजत होती. तो अक्कलकोटला होता, मेव्हण्याच्या साखरपुड्यात, आणि दुकानाला कुलूप.

"उद्या देतो की अक्का नवा पंखा."

"उद्या नको. मला सांगा, मागचा पंखा काढूनच टाकला तर?"

"अय्यो! सोलापूरच्या उन्हात? भाजून निघेल तो."

"गेम खेळला तर निघेल. मला नुसता आवाज नोंदवायचाय. एवढ्याशा कामाला प्रोसेसर जागा तरी होतो का? कूलरचा पंखा आहेच. तोंडाला जाळी आहे. मागची जागा मोकळी झाली की गरम हवा आपोआप जाईल."

मग शरणप्पा म्हणाला, "हौदु, ते पण खरंच की. पण बिघडलं तर माझं नाव सांगू नका. आणि चाललं तर सांगा सगळ्यांना."

तिनं तुटका पंखा काढला. कूलर सोडवून चादरीवर ठेवला. एसएमपीएस तळाशी होता आणि स्वतःची हवा खालून घेत होता, त्यात हळद गेली नव्हती. बोर्डावरची हळद उडवायला तोंडानं फुंकावं तर थुंकी उडणार. बानूचं सर्दीतलं नाक साफ करायचा रबरी फुगा होता, तो तिनं आणला आणि दाबून दाबून फसफस हवा सोडायला लागली. काम होत होतं, पण कूलरच्या पन्नास पत्र्यांच्या फटीत बोट जाईना, आणि घड्याळात दीड वाजला होता.

"दे हिकडं."

म्हाळसाबाई समोर येऊन बसल्या होत्या. त्यांनी कूलर मांडीवर घेतला, रंगाचा बारीक ब्रश उचलला. "मेंढराच्या कानातलं गोचीड काडल्याली बोटं हायत ही. त्याला कळत बी न्हाय, कवा काडलं." आणि एकेक फट साफ करायला लागल्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला वाटंल का ग, तुजं बिगडावं? आं? पोरगी मला पायजे, ही खरं हाय. लई पायजे. पर अशी न्हाय."

ऋतुजाचा फुगा धरलेला हात थांबला. "मला माहितेय आत्या. मी चिडले. पण तुमच्यावर संशय नाही घेतला."

"घ्यायचा बी न्हाय." ब्रश झटकून त्या म्हणाल्या, "तू चिडलीस ते बराबर हुतं."

सव्वादोनला कूलर परत बसला, नव्या पेस्टच्या दाण्यावर. या वेळी फळी आधी लावली, स्क्रू आवळले आणि मगच बटण दाबलं. ऋतुजानं सेटिंगमध्ये शिरून कूलरच्या पंख्याचा वेग उतरवला आणि तापमानाचा आकडा बघत बसली. पंचेचाळीस. पन्नास. चोपन्न. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. चोपन्नच. ऐंशीपर्यंत घाबरायचं कारण नव्हतं. ती खाली वाकली, कान लावला. एक पंखा कमी, तेवढा आवाजही कमी. सकाळपेक्षा गप्प!

तेवढ्यात बानू उठली, रडत. म्हाळसाबाईंनी तिला खांद्यावर टाकली. "आमी लिंबाखाली जातो. तू वाच. आमी रस्त्यावरच्या गाड्या मोजतो."

ऋतुजानं खिडक्या लावल्या, डोक्यावरचा पंखा बंद केला. सोलापूरची एप्रिलातली बंद खोली! घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता, पण आवाज कोरडा, ठाम निघाला. धडा तिसरीचा होता, विहिरीवरच्या कासवाचा. ती वर्गात वाचायची तशी वाचत गेली, आणि समोर कुणी नसताना तिला ती पोरं दिसत होती, जी तिला कधीच बघणार नव्हती. मग शांततेचं एक मिनिट. ते नोंदवून झाल्यावर तिनं हेडफोन लावून ऐकलं. साठ सेकंद. काहीच नव्हतं. तिनं परत एकदा ऐकलं, कारण इतकं चांगलं झालेलं काम दोनदा ऐकावंसं वाटतंच.

चार वाजून दहा मिनिटांनी नमुना गेला. संध्याकाळी बिरुदेव कामावरून आला. टॉवेल कारखान्यातल्या मशिनींनी त्याचे कान दिवसभर वाजलेले असायचे. त्यानं कॉम्प्युटरजवळ जाऊन विचारलं, "अगं, बसवला नाहीस का अजून?"

"चालू आहे तो," सासू-सुना एकदम म्हणाल्या.

संस्थेचं उत्तर मंगळवारी सकाळी आलं. म्हाळसाबाईंची निघायची तयारी चालली होती. दहाच्या गाडीवर सोडायला बिरुदेव खाली स्कूटर काढत होता.

"काय लिवलंय?"

"घरघर नाही, म्हणतात. अख्खं पुस्तक पाठवलंय. आणि मागोमाग आणखी देणार आहेत." ऋतुजानं एक श्वास घेतला. आता सांगायची वेळ तिची होती, आणि तिनं ती पुढं ढकलली नाही. "आत्या, बानू इथंच राहील. माझ्याजवळ."

म्हाळसाबाईंनी मान डोलावली. बानू त्यांच्या कडेवर होती, त्यांच्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळत. त्या तिला घेऊन दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा दारापर्यंत गेल्या.

"तिकडं तिच्यासाटी लिंबाला झोळी बांदलीया म्या," त्या म्हणाल्या. "नवं लुगडं फाडून."

"राहू दे बांधलेली. मे महिन्यात पंधरा दिवस आम्ही दोघी येतो. मी पुस्तकं आधी वाचून संपवते."

"सबूद दिला?"

"दिला."

म्हाळसाबाईंनी नातीच्या टाळूचा वास घेतला, एकदा, दोनदा, आणि तिला आईच्या हातात दिलं.

"पंदरा म्हंजी पंदरा. चौदा न्हाय चालायचं."

"सोळा धरा," ऋतुजा म्हणाली.