शाहीर काकासाहेबांची पडताळणी

स्टीफन ओहोळ सर बोरखडीत आले त्या दिवशी काकासाहेबांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि ठरवलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. विचारलं की लगेच सगळं सांगत होता, म्हणून जास्तच.

"आधी सिनेमे काढायचो," सर भागवतच्या हॉटेलात चहा पिताना म्हणाले. "मग नगरला सावेडीत शाळेत मूल्यशिक्षण शिकवलं. आता गावोगावच्या कलावंतांना एकत्र आणतो. तुमच्या सोसायटीच्या जुन्या गोडाऊनमध्ये कलाकेंद्र काढायचंय."

सर गेल्यावर भागवतने कप विसळत विचारलं, "शाहीर, तीन तीन धंदे? आपल्या पाथर्डी तालुक्यात माणूस एकाच धंद्यात म्हातारा व्हतो."

"सीआयडी असंल," काकासाहेब म्हणाले.

"मंग शाळेत कशाला शिकवंल?"

"सराव म्हनून."

सर ख्रिस्ती, तेव्हा धर्माचं काही असेल अशीही एक शंका गावात निघाली होती. पण रविवारी सकाळी सहाच्या एसटीने ते जे चर्चला नगरला पळत, ते सोमवारीच उगवत. गावाला बाटवायचं असतं तर माणसाने सुट्टीच्या दिवशी तरी गावात थांबावं की नाही? ती शंका मागे पडली. काकासाहेबांची मात्र वाढत गेली, आणि तिला कारण होतं.

बोरखडीची लोकसंख्या नऊशे. सरकारी यादीत ज्येष्ठ लोककलावंत चौदा. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी भागवतच्या हॉटेलात बसून चौदा जणांनी अर्ज भरले होते आणि चौदाही मंजूर झाले होते. काकासाहेबांच्या नावापुढे 'शाहीर' होतं. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं होतं. त्याच्या जोरावर शाळेच्या गॅदरिंगला नारळ तेच फोडत आणि कोणाच्याही लग्नात पहिली खुर्ची त्यांची असे. त्यांचं गाणं गावात कोणी ऐकलेलं नव्हतं, कारण घसा बसलेला होता. कधी बसला, हे ते विचारणाऱ्याचं वय बघून सांगत.

गावाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त लंकाबाईला, त्यांच्या बायकोला. लग्नाआधी आपण नेवाशाकडच्या एका शाहिरी पार्टीत गायचो, असं काकासाहेबांनी तिला प्रमाणपत्र आलं त्या दिवशी सांगितलं होतं. तिने शिक्क्यावर बोट फिरवून बघितलं आणि विश्वास ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी ती त्यांच्या घशासाठी ज्येष्ठमध उगाळून देई आणि बायकांत बसली की म्हणे, "आमचं मानूस बोलत न्हाई, पर आत कला हाय." दहा वर्षं ऊसतोडीला जाऊन तिच्या वाट्याला मिरवण्यासारखं एवढंच आलं होतं. ते गेलं तर तिच्यासमोर ताटावर बसायचं कसं, हा काकासाहेबांचा खरा प्रश्न होता.

आणि कलाकेंद्राच्या मंजुरीसाठी यादी तपासून द्यायची होती, म्हणून स्टीफन सरांनी जाहीर केलं की एक मेच्या ग्रामसभेला यादीतल्या प्रत्येकाने दहा मिनिटं कला सादर करायची. ते कॅमेऱ्यावर घेतील आणि यादी खरी की खोटी तो अहवाल वर पाठवतील.

हातात नऊ दिवस होते. काकासाहेबांनी ठरवलं, आधी ह्याचीच पडताळणी करायची. तीन ठिकाणी काम केलेला माणूस दोन ठिकाणांहून तरी हाकलला गेलेला असणार.

पहिल्यांदा नेवाशाला गेले. सिनेमाच्या दिवसांत सर तिथे एका फोटो स्टुडिओत लग्नाचं शूटिंग करत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. स्टुडिओचा मालक अमृत एका नवरदेवाचा चेहरा कॉम्प्युटरवर उजळवत बसला होता.

"स्टीफन? सोन्यासारखा माणूस, बाबा. माझा धंदा बसवला त्यानं."

"पैशे खाल्ले?"

"खाल्ले असते तर परवडलं असतं. घडलं ते दाखवायचं म्हणायचा. एका लग्नात नवरीच्या मामानं आहेरातला मिक्सर गुपचूप आपल्या पिशवीत घातला. ह्यानं ते सीडीत घेतलं. वर सनई लावली. दोन घराणी आजून बोलत न्हाईत."

"आन शिनेमा?"

"रस्त्यावर काढला. पाऊण तास नुसते खड्डे. पुण्यात बक्षीस मिळालं. रस्ता हाय तसाच हाय."

काकासाहेब सावेडीला गेले. शाळेच्या मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडम यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्टीफन सरांचं नाव ऐकताच उठून दार लावून घेतलं.

"काका, ते परत येणार आहेत का?"

"न्हाई, न्हाई. चौकशी."

मॅडमनी श्वास सोडला. "तपासणी होती. आम्ही ग्रंथालयासाठी शेजारच्या शाळेतून पुस्तकं आणून मांडली होती. सगळेच करतात. साहेबांनी कौतुक केलं, तर सर म्हणाले, साहेब, लवकर बघून घ्या, चार वाजता परत न्यायचीत."

"आन पोरांना काय शिकवायचे?"

"खरं बोलण्याचे फायदे लिहा, असा प्रश्न होता. एकाने लिहिलं, फायदा नाही, मार बसतो. त्याला दहापैकी दहा दिले. म्हणे, स्वानुभव आहे." मॅडमनी डोळे पुसले की चष्मा, ते काकासाहेबांना कळलं नाही. "फार चांगला माणूस. आमच्याकडे नको."

परतीच्या जीपमध्ये काकासाहेबांना दरदरून घाम फुटला. लबाड माणूस निघाला असता तर कोंबडं कापून प्रश्न मिटला असता. सीआयडी असता तरी काही बोलणं झालं असतं. हा माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाला कुठून धरायचं हे बोरखडीत कोणालाच माहीत नव्हतं.

उरला एकच मार्ग. ग्रामसभेत आपण आधी उठायचं, ह्याची सगळी कुंडली मांडायची आणि गावानेच ह्याला पहिल्या एसटीत बसवायचं.

एक मेला गोडाऊनसमोर मांडव भरला. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही. आज झाडावरही माणसं होती. सरांनी कॅमेरा तिपाईवर लावला. पुढच्या रांगेत बाकीचे तेरा कलावंत शाळेतून मागून आणलेले ढोल-झांजा मांडीवर घेऊन, इंजेक्शनला बसल्यासारखे बसले होते. लंकाबाई नवं लुगडं नेसून बायकांत बसली होती. आज अकरा वर्षांनी घसा सुटणार, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

काकासाहेब उठले. "गान्याच्या आधी," ते म्हणाले, "ह्या सरांविषयी दोन शब्द."

त्यांनी नेवाशापासून सुरुवात केली. पण नुसतं सांगून लोकांना मिक्सर दिसेना, म्हणून त्यांनी मामा करून दाखवला. बायकांवर एक डोळा ठेवून, भागवतने आणलेली किटली मिक्सर समजून पिशवीत सारली. मांडव हसला. काकासाहेब दचकले. चौसष्ट वर्षांत त्यांच्या बोलण्याला कोणी हसलं नव्हतं. मग त्यांनी अमृत केला, नवरदेव उजळवणारा. राजेश्वरी मॅडम केल्या, दार लावणाऱ्या, आणि चार वाजता पुस्तकं डोक्यावर घेऊन पळणारा शिपाई केला, जो त्यांनी पाहिलेलाच नव्हता. झाडावरचा एक जण हसता हसता खाली आला, म्हणजे पडला. स्वतः स्टीफन सर कॅमेऱ्यामागे तोंडावर रुमाल धरून हलत होते.

इथे थांबायला हवं होतं. पण लोक "आजून, आजून" म्हणाले, आणि साठ्यातली माणसं संपली होती. काकासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जे समोर दिसलं ते उचललं.

"आता आपल्या भागवतच्या हाटेलात अर्ज कसं भरलं ते बघा," ते म्हणाले. "गहिनीनाथ, तुला काय येतं? काय न्हाई? मंग तुला डफ. पुंजाराम, तुला? ऐकू येत न्हाई? तुला सनई. आन मी उशिरा पोचलो. म्हनलं, काय राह्यलंय? भागवत म्हनला, शाहीर येवढंच शिल्लक हाय. म्हनलं, घाला मला शाहीर. जन्मात एक ओळ गायलो न्हाई, पर बघू, सरकारला तरी कुठं ऐकू येतंय!"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. हसू ओसरू लागलं तेव्हा बायकांच्या बाजूची शांतता ऐकू आली. लंकाबाई उठली होती. पदर सावरून मांडवाबाहेर गेली.

काकासाहेब तसेच उभे राहिले. सरांनी कॅमेरा बंद केला, वही काढली आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं.

"काकासाहेब. शाहीर नाहीत. नकलाकार आहेत. अनुभव पंचेचाळीस मिनिटं."

"यादीत राहीन का?"

"नाही. यादीला पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. पण शनिवारी केंद्रात या. तुम्हाला हवंय म्हणून नाही, मला हवंय म्हणून."

"ह्यात तुमचा काय फायदा?" काकासाहेबांनी बारीक डोळे करून विचारलं.

सरांनी बराच विचार केला. "काही सापडत नाही," ते म्हणाले. काकासाहेबांचा संशय होता त्याहून घट्ट झाला.

काकासाहेबांनी लंकाबाईला पाणंदीत गाठलं. ती पुढे, ते चार पावलं मागे.

"अगं, चुकलं माझं. गानं न्हाई येत मला."

"गान्याचं न्हाई म्हनत मी," लंकाबाई न वळता म्हणाली. "दहा वर्सं फडावर एका पाचटाच्या कोपीत काढली. तुमी तोंडातून शबूद न्हाई काढला. मी म्हनायची, मानूसच मुका हाय, काय करता. अन् येवढं हसवाया येत हुतं तुमाला? गावाला? माझ्यासाठी काय राखून ठेवलं हुतं?"

खरं तर काकासाहेबांनाही आजच कळलं होतं, पण हे तिला पटलं नसतं. त्यांनाच नीट पटत नव्हतं.

पाणंदीच्या वळणावर ती थांबली. "माझी करा."

"काय?"

"नक्कल. सगळ्या गावाची केली, माझी करा. बघू."

काकासाहेबांनी पाणंदीत मागेपुढे पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी उपरण्याचा पदर केला, तो कमरेला खोचला, डावा खांदा किंचित वर उचलला आणि अंगावर आलेल्या माणसाला बाजूला सारत निघाल्यासारखे तरातरा चार पावलं चालून गेले.

लंकाबाई बघत राहिली.

"मी आशी न्हाई चालत," ती म्हणाली आणि डावा खांदा उचलून, त्यांना बाजूला सारून, तरातरा पुढे निघाली. वाटेतल्या चिंचेपर्यंत गेल्यावर तिची पाठ हलू लागली. ती हसते की रडते याचा काकासाहेबांना संशय आला, म्हणून ते पळतच तिच्या पुढे बघायला गेले.