स्वयंपाकघरातून ऐकलेलं गाणं

काकांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. दोष कानानं पकडायची सवय अंगात मुरलेली. दुकान पुतण्याकडे सोपवल्यावर त्यांनी घोगरा झालेला जुना टेपरेकॉर्डर माळ्यावर टाकला आणि नवे स्पीकर आणले. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो, अशी त्या स्पीकरची ख्याती.

आंघोळीपासून जेवणापर्यंत काकूंचं रोज मौन असे. त्यातला अर्धा तास दोघं शेजारी बसून गाणी ऐकत. एकमेकांसाठी राखलेला दिवसातला तेवढाच वेळ. काकूंचा त्यात फार जीव.

"ऐकलंस? मागे कुणाची तरी खुर्ची करकरली!" काका गाणं थांबवून मागे नेत. "पुन्हा ऐक. आणि इथे बघ, पान उलटलं."

काकू मान हलवत. काका खूश.

पंधरा दिवसांत एकही गाणं शेवटापर्यंत गेलं नाही. जेवताना बोलावं म्हटलं, तर काकांचा आनंद बघून काकू दुसराच विषय काढत.

सोळाव्या दिवशी तीच खुर्ची चौथ्यांदा करकरली आणि काकू उठून भाजी चिरायला आत गेल्या. काका फुगून बसले. मागे नेऊन ऐकवायचं तरी कुणाला? गाणं तसंच चालू राहिलं. भिंतीपलीकडे करकर पोचली नाही, पोचलं ते गाणं. दुसऱ्या कडव्याला काकू नकळत गुणगुणू लागल्या.

काका दारात येऊन उभे. "काय बाईसाहेब, मौन सुटलं की!"

काकूंनी जीभ चावली. "सुटलंच आहे तर बोलते. पंधरा दिवस तुम्ही नुसतं घड्याळ उघडून बसलाय. वेळ किती झाली ते बघतच नाही."

"मग मान का डोलवत होतीस?"

"डोलवत कुठली? नको, नको म्हणत होते!"

काकांचा चेहरा पडला. "परत करू का ते स्पीकर?"

"परत कशाला? कडव्याआधी ती श्वास घेते ना, पाण्यात उडी मारण्याआधी घ्यावा तसा, तो मला आवडलाय. जुन्यावर कधी कळलाच नव्हता. फक्त मध्ये थांबवू नका हो."

काकांनी गाणं पहिल्यापासून लावलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. काकू शेजारी टेकल्या. श्वास आला, कडवं आलं, आणि गाणं संपलं.

"अजून एक?" काकांनी हळूच विचारलं.

"लावा की. भाजी कुठे पळून जातेय?"