दोन गच्च्यांमधला रस्ता

मोतीरामनं राउटर अँटेनाच्या पाइपाला सुतळीनं करकचून बांधला, गाठीवर आणखी एक गाठ मारली आणि रस्त्यापलीकडच्या गच्चीकडे बघून आवाज दिला.

"रावज्या, तुझा डबा इकडं फिरव!"

"फिरवला की! आणखी फिरवला तं धोंडेगावात नेट जाईल!"

दोन्ही गच्च्यांच्या मधून मखमलाबादचा रस्ता जात होता. नेट येणारी टेलिफोनची लाइन रावजीच्या बाजूला होती. मोतीरामच्या बाजूला तिच्यासाठी अर्ज करून करून माणसं म्हातारी झाली होती. आधी दोघांनी रस्त्यावरून वायर ओढून पाहिली. ती एका कडब्याच्या ट्रकनं तोडली आणि, मोतीरामच्या सांगण्याप्रमाणे, थेट दरी-मातोरीपर्यंत नेली. तिथल्या एका बाईनं म्हणे तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या, आणि त्या गोधड्यांतून दिवसभर इंग्रजी बातम्या ऐकू येत होत्या.

त्याचं सगळं असंच. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेली. कसारा घाटात बिबट्यानं बसला हात दाखवून अर्धं तिकीट मागितलं, ही गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती की पुढे पुढे त्या बिबट्याबरोबर बायकापोरंही चढायला लागली. मोहिनी, त्याची एकुलती एक लेक, ह्या बिबट्याच्या अंगाखांद्यावर लहानाची मोठी झाली. आता ती टोरांटोला होती. बापाचं बोलणं कसं ऐकायचं, हे तिला पाठ होतं: अर्ध्यावर छाटायचं आणि उरलेल्याला हसायचं.

म्हणून श्रावण लागताना त्यानं मोबाइलवर, "तुझ्या आईचं काही खरं नाही, निघून ये," असं सांगितलं, तेव्हा तेही अर्ध्यावर छाटलं गेलं. त्यात वत्सलाबाईनं खाटेवरूनच फोन मागून घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला काय धाड भरलीय? तू पण कुणाचं ऐकतेस!" तेवढा आवाजच तिच्यात शिल्लक होता. बाकीचं पोटातल्या गाठीनं नेलं होतं. डॉक्टरांनी मोतीरामला समोर बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि सांगितलं, दिवाळी धरून चालू नका.

"बाबा, मला एकदा आईला बघू द्या," मोहिनी शेवटी म्हणाली होती. "बघितलं की लगेच ठरवते. आत्ता रजा मागितली तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल. उगाच नाही मागणार."

वत्सलाबाईला उचलून रस्त्यापलीकडे नेण्यासारखं राहिलं नव्हतं. तेव्हा नेटलाच रस्ता ओलांडायला लावायचा, असं मोतीरामनं ठरवलं.

रावजीची सून सविता कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. तिनं एकाच कंपनीचे दोन राउटर मिळवले, दोघांना एका चॅनलवर बसवलं, ह्याचा नंबर त्याच्यात आणि त्याचा नंबर ह्याच्यात भरला.

"काका, दोघांनी एकमेकांना ओळखलं तरच जुळतं. एकट्यानं ओळखून भागत नाही."

"म्हणजे सोयरीकच की गं."

सोयरीक काही जुळेना. मोतीरामची बाजू गावच्या विजेच्या लाइनवर, रावजीची शहराच्या. लोडशेडिंग असं की इकडं दिवा लागला की तिकडं विझायचा. दोन्हीकडं एकदम वीज असायची ती सकाळच्या चहाच्या सुमारास, तेव्हा मोहिनीकडं रात्र. आज ती वेळ साधली होती, सविता लॅपटॉप घेऊन खाली वत्सलाबाईजवळ बसली होती, आणि तरी वरचा हिरवा दिवा पेटत नव्हता.

"रावज्या, पावसाचं काय केलंस? भिजला का तो?"

"भिजंल कसा? पिठाच्या डब्यात ठेवलाय! वरून झाकण लावलंय घट्ट!"

"कसला डबा?"

"स्टीलचा! महागाची वस्तू हाय, उघडी ठेवू का?"

मोतीरामनं कपाळाला हात लावला आणि ओरडला, "काढ बाहेर! पत्र्याआडून नेट कसं येईल?" पलीकडून झाकण निघाल्याचा खणखणाट झाला, रावजीनं राउटर बाहेर काढून छत्रीखाली धरला, आणि मोतीरामच्या पाइपावरचा दिवा लुकलुकला, थांबला, पेटलेलाच राहिला.

"काका, लागलं! मोहिनी आली!" खालून सविताची हाक आली.

तो जिन्यावरून जवळजवळ घरंगळतच खाली आला. आता ती बघेल. आता कुणी सांगायला नको.

दारातच त्याचे पाय थांबले. वत्सलाबाई उशांना टेकून ताठ बसली होती. मोहिनीच्या लग्नातली डाळिंबी साडी, डोक्यावरून पदर, ठसठशीत कुंकू, चेहऱ्याला पावडर. सविता मान खाली घालून लॅपटॉप नीट करत होती.

"हे काय?"

"लेक बघणारे. तिच्यापुढे का भुंड्या कपाळानं बसू?"

पडद्यावर चित्र हलत, अडखळत येत होतं. कोपऱ्यात वत्सलाबाईचं चित्र होतं, बोटभर. रस्ता ओलांडून मोहिनीपर्यंत पोचताना ते विरघळून चौकोनांचं होत होतं, आणि ते चौकोन तिचे गाल भरून काढत होते.

"आई! अगं, किती छान दिसतेस!"

"मग? तुला काय वाटलं?"

"मोहिनी," मोतीराम पुढे झाला, "ते खरं नाही. नीट बघ. तिचे हात बघ."

वत्सलाबाईचे हात पदराखाली गेले.

"बाबा, पुरे!" मोहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती. "महिनाभर झोप नाही मला. तुमचा बिबट्या कुठे कुठे येऊन बसतो! आई, मी मेमध्ये येते मग, ठरल्याप्रमाणे. चालेल?"

"मेमध्येच ये. आंबे असतात."

मोतीरामनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वीज गेली होती. वरचा राउटर विझला, पडद्यावर मोहिनीचा हसरा चेहरा थोडा वेळ तसाच थिजून राहिला. सवितानं लॅपटॉप मिटला, "येते, काकू," म्हणाली आणि मोतीरामकडे न बघता चपला घालून गेली.

तो खाटेच्या कडेला बसला.

"का गं असं?"

"तिला झोप लागू दे तिथं." वत्सलाबाईनं डोळे मिटले. ताठ धरलेली मान उशीवर कलंडली. "अहो, पाठीला टोचतंय. बघता का जरा?"

त्यानं तिला हळूच कुशीवर केलं आणि पदर बाजूला सारला. ढगळ झालेल्या ब्लाउजचं मूठभर कापड मागे दुमडलं होतं, आणि मानेपासून खालच्या काठापर्यंत सेफ्टी पिनांनी टाचलं होतं. तो एकेक पीन सोडवू लागला. ठेवायला जागा दिसेना, म्हणून ती ओठांत धरत गेला.