चराच्या काठावर तीन यंत्रं

मित्रांनो, या, टेका इथं. तुमच्यातलं कुणी घरच्या हिरवळीसाठी यंत्र घ्यायला निघालं असेल, तर त्यानं जरा पुढं सरकून बसावं. मी एक जुना गवत कापायचा ट्रॅक्टर आहे, अमेरिकेतल्या आयोवातला. इथली म्हातारा-म्हातारी घर विकून जायला निघाली होती. ती का गेली नाहीत, ते सांगतो.

आधी माझं. चाळीस वर्षांपूर्वी मला घडवलं तेव्हा लोखंड सढळ हातानं वापरत. पुढचा आस ओतीव, मागची चाकं रुंद, आणि वजन असं की चौघांनी ढकललं तरी मी विचार करून हलतो. वीस वर्षं मी गावच्या दफनभूमीचं गवत कापलं. थडग्यांच्या मधून जायचो, एका दगडाला ओरखडा नाही काढला. लोक मान हलवून म्हणायचे, वाईट नाही. आमच्याकडं ही मोठी शाबासकी. पुढं नवी यंत्रं आली आणि मी लाइल होक्स्ट्राच्या यंत्रांच्या दुकानामागं जाऊन पडलो. सीटखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. राग नाही आला, पण वाट बघून पट्टे कडक झाले.

आता इथला म्हातारा, डेल्मर कोयमा. त्याचं घर गावाबाहेर, चर्चच्या रस्त्याला. आमच्या भागात रविवार देवाचा, त्या दिवशी गवत कापत नाहीत. आणि नेमकं रविवारी सकाळी सगळं गाव त्याच्या दारावरून चर्चला जातं. म्हणजे शनिवारपर्यंत हिरवळ तर झालेली हवीच, वर रस्त्याकडेचा चरही. चर सरकारचा. पण गवत वाढलं की नाव घरवाल्याचं निघतं.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली. शनिवारी दुपारपर्यंत पाऊस. गवत ओलं. सोमवारी कापलं असतं तर काही बिघडत नव्हतं, पण मध्ये रविवार होता ना. डेल्मर तसाच चरात उतरला, यंत्र कलंडलं आणि खुब्याचं हाड मोडलं. त्याची बायको ट्विला धावत आली तर हा खालून म्हणतो, "आधी इंजिन बंद कर, फुकट तेल जळतंय."

दवाखान्यात ट्विला एवढंच बोलली. "अजून एकदा पडलास तर मी घर विकते. गावात दोन खोल्या घेऊ. खिडकीत एक कुंडी ठेव आणि तीच कापत बस."

डेल्मर त्याच घरात जन्मलेला. अख्खा हिवाळा तो काठी टेकवत खिडकीतून चर बघत राहिला.

वसंतात ट्विलानं लाइलला फोन केला. "दोन नवी यंत्रं आण. आणि तुझ्याकडं सगळ्यात जड जे काय असेल ते आण." लाइलनं माझे पट्टे बदलले, तेल घातलं, गांधीलमाश्या हाकलल्या आणि आम्हा तिघांना गाडीवर चढवून दारात उतरवलं. शेजारचा व्हर्जिल कॉफीचा कप घेऊन मजा बघायला आला.

"डेल्मर, तू चालवणार का?" व्हर्जिलनं विचारलं.

"तो बघणार," ट्विला म्हणाली. "चालवणार मी. ज्याच्यावर मी घाबरले, ते घरात येणार नाही."

पहिलं यंत्र हलकं, चकचकीत, कप ठेवायला खळगी. गावातल्या छोट्या सपाट अंगणाला ते झकास. पण कोठाराजवळच्या चढावर त्याची मागची चाकं जागीच फिरायला लागली, गवत सोलून निघालं.

दुसरं स्टिअरिंगऐवजी दोन दांड्यांचं, जागच्या जागी गर्रकन वळणारं. व्हर्जिलकडं तेच, म्हणून डेल्मरचा जीव त्याच्यावर. खोटं कशाला बोलू, सपाटीवर त्यानं माझ्या निम्म्या वेळात काम उरकलं. पण चराच्या काठावर आलं आणि पुढची भिरभिरी चाकं खाली ओढली गेली. ट्विलानं दांड्या खेचल्या. हातभर अंतर राहिलं. ती उतरली, हात पँटला पुसले, म्हणाली, "बरंय. आता म्हातारा आणा."

मग मी. नाक सरळ खाली, मग सरळ मागं वर. आडवा नाही गेलो. चाक सरकलं नाही. डेल्मरचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "झालं तर. चर माझा."

पण रस्त्याखालच्या मोरीजवळ, तो पडला होता तिथं, उतार फारच उभा. माझं पुढचं एक चाक हलकं झालं. मला कळलं, आणि सीटवर तिलाही कळलं. तिनं मला हळूच मागं घेतलं.

"हा जड आहे, म्हणूनच सांगते," ट्विला म्हणाली. "इथं हाही उलटेल. आणि हा अंगावर आला तर हाडावर भागणार नाही. हिरवळ काप, वरचा काठ काप. मोरीचा उतार सोडायचा."

"सोडायचा? लोक बघतात ट्विला."

"लोक गाडीतून बघतात. खाली तू असतोस."

व्हर्जिल कपात बघत म्हणाला, "वाढू दे रे. तेवढीच हरणं तरी येतील. माणसं कुठं येतात तुझ्याकडं."

डेल्मर म्हणजे आयुष्यभर एक शनिवार न चुकवलेला माणूस. शेवटी त्यानं उताराकडं पाठ केली आणि काठी उचलून लाइलला खूण केली. "बाकीची दोन परत गाडीवर चढव."

तेव्हापासून मी इथंच आहे. दर शनिवारी डेल्मर माझ्या पोटाखालचं ओलं गवत खरवडून काढतो, तेल बघतो. एवढं केलंत तर माझ्यासारखा नातवंडांनाही पुरेल. यंत्र घेताना मात्र दुकानातल्या सपाट फरशीवर ठरवू नका. घरी आणा, तुमच्या सगळ्यात वाईट उतारावर न्या, आणि घरातल्या सावध माणसाला बसवा.

आणि एक मागणं आहे. रविवारी या रस्त्यानं जाल तेव्हा मोरीजवळ गवत गुडघाभर वाढलेलं दिसेल. पहिल्या वर्षी डेल्मर ते बघणाऱ्या गाड्या मोजायचा आणि जेवायचा नाही. त्याला आळशी म्हणू नका. स्टिअरिंगवरचं एक बोट तेवढं वर करा, आमच्याकडं तोच नमस्कार. ओट्यावर दोघं बसलेली असतील.